बुद्धिबळातील जगज्जेते आणि त्यांची शैली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसला अँडरसन या त्या काळच्या आघाडीच्या खेळाडूला सहज हरवले होते. मग पहिला जगज्जेता म्हणून स्टाइनिट्झचे नाव का घेतात?

मॉर्फीच्या काळात जिंकायला किताबच नव्हता. त्याचे श्रेष्ठत्व सर्वांना मान्य होते. पण ही लढत जगज्जेतेपदासाठीच आहे, असे दोन्ही खेळाडूंनी आधी ठरवून खेळलेली पहिली लढत १८८६ मधली, स्टाइनिट्झ आणि झुकेर्टोर्ट यांची. न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि न्यू ऑर्लिन्स या तीन शहरांत ती झाली आणि पहिल्या पाचपैकी चार डाव गमावूनही स्टाइनिट्झने ती १० विजय, ५ पराभव आणि ५ बरोबऱ्या अशी जिंकली. तरुणपणी तोही बेधडक बलिदाने (फायद्यासाठी आपणहून मोहरे देणे) करणारा खेळाडू होता. पुढे त्याने विचार मांडला की, आपल्या बाजूने काही अनुकूलता साठलेली असेल तरच हल्ला यशस्वी होतो. त्याच्यानंतरचा प्रत्येक जगज्जेता या विचाराशी कधी सहमत होत, कधी भांडत खेळला आहे.

प्रश्न : लास्कर प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकण्यासाठी मुद्दाम कमकुवत खेळ्या करत असे, असे वाचले. हे खरे आहे का?

मला हे मुळीच पटत नाही. १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे जगज्जेतेपद टिकवणारा माणूस वाईट खेळ्यांवर जगू शकत नाही. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेतला कापाब्लांकाविरुद्धचा डाव पटावर मांडून पाहा. कापाब्लांका गुणांत पुढे होता, त्याला बरोबरी पुरेशी होती आणि लास्करला मात्र विजयच हवा होता. तरीही लास्करने रुय लोपेझ या सुरुवातीच्या प्रकारात चौथ्याच खेळीला उंट देऊन घोडा घेतला आणि लगेच वजीरांचीही अदलाबदल होऊ दिली. वरवर पाहता ही बरोबरीची तयारी वाटते. पण या प्रकारात काळ्याकडे दोन उंट असतात आणि प्याद्यांची रचना बिघडलेली असते, त्यामुळे त्याला सक्रिय खेळावेच लागते. तो सावधपणे बसून राहिला, तर एंडगेम (मोजकी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) पांढऱ्याच्या बाजूने झुकतो. बरोबरीवर समाधान मानणारा कापाब्लांका नेमका सावध खेळला. पुढे बाराव्या खेळीला लास्करने प्यादे एफ-५ वर ढकलले (घराचे नाव म्हणजे उभ्या पट्टीचे अक्षर, ए ते एच, आणि आडव्या रांगेचा आकडा, १ ते ८). त्याने ई-५ हे घर सुटते आणि ई-४ चे प्यादे मागे पडते, म्हणून पुस्तकी शिकवणीने ही खेळी दोषास्पदच ठरते. पण थोड्याच वेळात त्याचा घोडा ई-६ वर जाऊन बसला आणि काळ्याचा सगळा पट आवळला गेला. प्रतिस्पर्धी आज कोणत्या मनःस्थितीत आहे, हे ओळखून त्याने एक पूर्णपणे निर्दोष प्रकार निवडला होता. मानसशास्त्र होते ते एवढेच, आणि ते फार मोठे होते.

प्रश्न : पेट्रोशियनचे डाव कंटाळवाणे का वाटतात?

कारण त्याच्या डावांत जे घडत नाही, तेच महत्त्वाचे असते. प्रतिस्पर्ध्याची योजना त्याच्या मनात आकार घेण्याआधीच पेट्रोशियन ती मोडून ठेवत असे आणि डावाच्या नोंदीत त्याची खूण राहत नाही. एक अपवाद मात्र कोणालाही दिसेल असा आहे. १९५३ च्या झुरिक स्पर्धेत रेशेव्हस्कीची मधली प्यादी पुढे सरकू पाहत होती आणि पेट्रोशियनचे मोहरे बचावात अडकले होते. पंचविसाव्या खेळीला त्याने आपला हत्ती शांतपणे ई-६ वर ठेवला, जिथे पांढऱ्याचा उंट तो सरळ मारू शकत होता. हत्ती हलल्यामुळे ई-७ हे घर मोकळे झाले, घोडा तिथून डी-५ वर पोहोचला आणि पांढऱ्याची प्यादी जागीच थिजली. डाव बरोबरीत सुटला. हल्ल्यासाठी हत्ती देणारे पुष्कळ होते. निव्वळ एका घरासाठी, शह नसताना, मातेची धमकी नसताना हत्ती देण्यामागे केवढा आत्मविश्वास लागतो, याचा विचार करावा. १९६६ मध्ये स्पास्कीविरुद्ध किताब राखताना याच माणसाने एका डावाचा शेवट वजिराचे बलिदान देऊन केला होता. त्याला केवळ ‘बचावात्मक’ म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : तालची बलिदाने पुढे विश्लेषणात चुकीची ठरली. मग त्याचे मोठेपण कशात?

घड्याळ चालू असताना पटासमोर बसलेल्या माणसाला उत्तर सापडत नव्हते, यात. १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात त्याने बॉटविनिकविरुद्ध घोडा एफ-४ वर दिला, तेव्हा सभागृहात इतकी खळबळ माजली की, डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. बचाव अस्तित्वात होता, पण बॉटविनिकला तो वेळेत सापडला नाही. तालने ती लढत १२½–८½ अशी जिंकली आणि पुढच्याच वर्षी बॉटविनिकने परतीच्या लढतीत किताब परत मिळवला. तरीही तालची दुसरी बाजू विसरू नये : १९७३-७४ मध्ये ताल सलग ९५ डाव अपराजित राहिला होता. नुसता जुगार खेळणाऱ्याला हे साधत नाही.

प्रश्न : शिकणाऱ्याने कोणत्या जगज्जेत्याचे डाव आधी अभ्यासावेत?

आधी कापाब्लांका, मग कार्पोव्ह, असे माझे मत आहे. दोघांच्याही डावांत योजना उघड्या डोळ्यांना दिसते. १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमधील कार्पोव्हचा उन्झिकरविरुद्धचा डाव घ्या. ए-पट्टी खुली, म्हणजे प्याद्यांविना, होती आणि तिथे हत्तींची अदलाबदल होणार, असे वाटत असतानाच कार्पोव्हने उंट ए-७ वर ठेवून ती पट्टी स्वतःच बंद केली. त्या उंटाच्या आडोशाने त्याला आपले हत्ती सावकाश मांडता आले. काळ्याला मात्र ती पट्टी वापरता येईना. मग कार्पोव्हने राजाच्या बाजूला खेळ सुरू केला, आणि जागेअभावी काळ्याचे मोहरे तिकडे वेळेवर पोहोचू शकले नाहीत. कास्पारोव्हचे डाव थोडे नंतर घ्यावेत. त्यांतली गणिते पेलण्याआधी त्याचे अनुकरण केले, तर हाती केवळ उतावळेपणा लागतो.

प्रश्न : संगणकामुळे आता सगळे सारखेच खेळतात का?

ओपनिंगपुरते, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांपुरते, बऱ्याच अंशी, हो. पण तिथेही निवड माणसाचीच असते. २००० मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने बर्लिन बचाव हा ओपनिंगचा प्रकार घेऊन वजीर लवकर पटाबाहेर काढले आणि कास्पारोव्हला संपूर्ण लढतीत एकही डाव जिंकू दिला नाही. त्याच क्रामनिकला आनंदने २००८ मध्ये बॉनला मेरान या ओपनिंगच्या प्रकारातल्या धुमश्चक्रीत ओढून काळ्या मोहऱ्यांनी दोनदा हरवले. कार्लसनची वाट तिसरीच. समसमान दिसणाऱ्या स्थितीत तो तासन्‌तास प्रश्न विचारत राहतो. २०२१ मध्ये दुबईला जगज्जेतेपदाच्या लढतीतला नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव १३६ खेळ्या चालला आणि तो त्याने जिंकला. २०२४ मध्ये सिंगापूरला डिंगविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील चौदाव्या डावात गुकेशकडे काळी मोहरी होती आणि एक प्यादे जास्त होते. संगणकाच्या लेखी बरोबरीच होती, तरी तो खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला, तेव्हा हत्तींपाठोपाठ ए-८ च्या कोपऱ्यात अडकलेल्या त्याच्या उंटाचीही अदलाबदल अटळ झाली, आणि मागे उरलेला प्याद्यांचा एंडगेम गुकेश जिंकणार होता.