मावशी रात्री राहणार आहेत, त्याचे किती द्यायचे?

ताई,
आम्ही दोघंही नोकरी करतो, पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो वर्षाचा होता तेव्हापासून एक मावशी त्याला सांभाळतात. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी, महिन्याला 18,000 रुपये. लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघंच चार दिवस केरळला जायचं ठरवलंय. गुरुवारी सकाळी निघायचं, सोमवारी सकाळी नऊपर्यंत परत. सासूबाई घरी आहेत, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलामागे धावणं त्यांना शक्य नाही. म्हणून मावशींना रात्रीही राहायला सांगणार आहोत. सासूबाईंचं जेवणखाणही त्याच बघतील. किती द्यायचे, यावरून घरात वाद चाललाय. नवरा म्हणतो, दोन हजार आणि एक साडी दे, रात्री तर झोपणारच आहेत. मावशींची पंधरा हजारांची उचल बाकी आहे, त्यातूनच वळते करू, असंही त्याचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, इतक्या वर्षांची बाई, पैशाचं बोललीस तर तिला वाईट वाटेल. मी मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही द्याल ते.’ चालू रेट काय आहे?
— कोथरूडची एक आई

प्रिय मैत्रिणी,

आधी आकडा सांगते, कारण तुम्ही तोच विचारलाय. महिन्याच्या पगाराला हात न लावता, वरचे सात हजार रुपये द्या. साडी द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती या हिशोबात धरू नका.

चालू रेट शोधायला सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ नका. तिथे एकीची बाई चार तास येते, दुसरीची चोवीस तास राहते, तिसरीला घरातले कपडे-भांडीही करावी लागतात. त्यातून निघालेला आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या मावशींचा दर तुमच्याच घरात ठरलेला आहे. दिवसाला दहा तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर 18,000 रुपयांचे तासाला साधारण 69 रुपये होतात.

आता त्या चार दिवसांत मावशी नेहमीपेक्षा जास्त काय करणार ते बघू. संध्याकाळी सात ते रात्री दहा मुलाचं जेवण, दात घासणं, गोष्ट, झोपवणं. सकाळी सात ते नऊ त्याची उठाठेव. म्हणजे दिवसाचे पाच तास, चार दिवसांचे वीस. जादा तासांना दुप्पट दर ही काही माझी कल्पना नाही. कारखान्यातल्या कामगाराला तो 1948 च्या कारखाने अधिनियमानेच मिळाला. मग आपल्या घरात तो का नसावा? वीस तासांचे 138 च्या दराने 2,760 झाले. रविवार त्यांचा सुट्टीचा, त्या दिवसाचे दहा तासही दुप्पट, म्हणजे 1,380. राहिल्या चार रात्री. रात्रीचे मी 600 रुपये धरते, म्हणजे साध्या दरापेक्षा थोडे कमीच. त्याचे 2,400. बेरीज 6,540. वरचे पैसे कापत बसू नका, सात हजार करा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा रात्रीचाच आहे, तेव्हा त्यावर जरा सविस्तर बोलते. तुमचा मुलगा रात्री किती वाजता उठून पाणी मागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आई-बाबा घरात नाहीत म्हटल्यावर पहिल्या रात्री तो झोपायलाच दीड तास लावेल. गादी ओली झाली तर दोन वाजता चादर बदलायला मावशीच उठणार. ताप आला तर त्याच जागणार. आणि यातलं काहीही झालं नाही तरी त्या स्वतःच्या घरी नाहीत. आपल्या माणसांशेजारी झोपलेल्या नाहीत, मनात आलं म्हणून उठून जाऊ शकत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी जो 189 क्रमांकाचा करार केला, त्यात हेच लिहिलंय. बोलावलं तर उठावं लागेल म्हणून मालकाच्या घरी थांबून राहण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरायचा, किती प्रमाणात ते देशाच्या कायद्याने ठरवायचं. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात 2008 सालापासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तो नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांसाठी आहे, रात्रीचे किती द्यायचे हे तो सांगत नाही. त्यामुळे हे घरोघरी ठरतं, आणि घरात ज्याचा शब्द चालतो तो ठरवतो. इथे तो शब्द तुमचा आहे.

म्हणूनच ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर मनावर घ्या. त्याचा अर्थ ‘कितीही द्या’ असा नाही. महिन्याचा पगार तुमच्या हातात, उचल तुमची, सणाला बोनस द्यायचा की नाही ते तुमच्याकडे. अशा वेळी आकडा सांगायचा आणि तो तुम्हाला जास्त वाटायचा, ही जोखीम त्या घेणार नाहीत. आकडा तुम्हालाच सांगावा लागेल, तोही जायच्या आधी.

सासूबाईंना सांगा की पैशाचं बोलल्याने वाईट वाटत नाही, न बोलता कमी हातात पडलं की वाटतं. 1980 साली याच पुण्यात मोलकरणी संपावर गेल्या होत्या. आपल्या कामाचे पैसे आणि रजा यावर त्यांना स्पष्ट बोलायचं होतं. त्यांच्यातल्या कित्येकजणी त्या त्या घरात वर्षानुवर्षं काम करणाऱ्याच होत्या. मावशींवर तुमचा जीव आहे हे पत्रात दिसतं. तो जीव तुम्ही त्या आजारी पडल्या तर दाखवाल, त्यांच्या घरातल्या कुणाची फी भरताना दाखवाल. या चार रात्रींचा मोबदला त्याने चुकता होत नाही.

आणि उचल यातून वळती करायची नाही. अजिबात नाही. ती दरमहा जशी ठरली आहे तशीच फिटू द्या. चार रात्री घराबाहेर काढून बाई परत जाणार आणि हातात काहीच नाही, असं करू नका. उलट निम्मे पैसे आधी द्या, कारण त्यांना त्यांच्या घरची सोय लावायची आहे.

हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम विचारते. त्या चार रात्री मावशींच्या घरी कोण असेल? घरात कोण शाळेत जातं? सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा भरायला कोण आहे? रात्रीची भाकरी कोण करणार? घरी शाळकरी मुलगी असेल तर हे सगळं तिच्या अंगावर पडेल, किंवा मावशींना जाऊबाईंना, शेजारणीला गळ घालावी लागेल. त्याचीही किंमत त्या कुठेतरी मोजणारच. विचारा त्यांना. मुलीला तुमच्याकडे झोपायला आणायची असेल तर मनापासून हो म्हणा.

सासूबाईंच्या जेवणाचं तर तुम्ही एका ओळीत उरकलंत. मूल सांभाळणाऱ्या बाईंकडे ऑपरेशन झालेल्या माणसाचं पथ्यपाणी, गोळ्या, उठवणं-बसवणं हे वेगळं काम आलं. साडेतीन वर्षांचं पोर पायात घुटमळत असताना गॅसपाशी उभं राहणंही बरं नाही. पोळ्यांना बाई येत असतील तर त्यांना भाजीचेही पैसे देऊन ठेवा, नाहीतर चार दिवस दोन्ही वेळचा डबा लावा. मावशींनीच सगळं करावं असं वाटत असेल तर सातचे नऊ हजार करा आणि तसं स्पष्ट सांगा.

बोलायचं कसं, तेही लिहिते, कारण गाडी तिथेच अडते. सासूबाई आणि यजमान समोर नसताना, मुलगा झोपला की चहा घेताना बोला: ‘मावशी, आम्हाला चार दिवस बाहेर जायचंय. रात्रीही राहणं जमेल का? नाही जमलं तरी काही बिघडत नाही, आम्ही दुसरं बघू. जमणार असेल तर पगार सोडून वरचे सात हजार. साडेतीन आत्ता, साडेतीन आम्ही आल्या दिवशी. आमचं विमान रखडलं तर जादा रात्रीचे दीड हजार. सोमवारी तुम्हाला भरपगारी सुट्टी.’ त्यांच्या नेहमीच्या कामात काही बदल असेल तर तोही तिथेच सांगा. सोमवारची सुट्टी विसरू नका, त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी एकाने रजा टाका.

याशिवाय खर्चाला तीन हजार रुपये एका पाकिटात वेगळे ठेवा: दूध, फळं, रिक्षा, औषध. त्यातून त्यांना आपल्या खिशातलं काही घालावं लागता कामा नये. मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, 108, शेजारच्यांचा नंबर आणि उपचाराला तुमची संमती असल्याची सहीची चिठ्ठी फ्रिजवर लावा. त्यांना झोपायला नीट पलंग आणि धुतलेली चादर द्या, मुलाच्या खोलीत जमिनीवर सतरंजी नको. घरात कॅमेरा असेल तर कुठे आहे ते सांगा आणि त्या झोपतात तिथला बंद करा. जायच्या आधी एक रात्र तुम्ही घरात असतानाच त्यांना राहायला बोलवा, म्हणजे मुलालाही सवय होईल. त्या रात्रीचेही 600 रुपये वेगळे, आणि सात ते दहा त्यांनीच मुलाला बघितलं तर त्या तासांचेही.

हे सगळं या आठवड्यातच बोला, तिकिटं काढायच्या आधी. एवढं करूनही मावशी कदाचित नाही म्हणतील. मग कारण खोदून विचारू नका, पुढच्या महिन्यात वागण्यात फरक पडू देऊ नका आणि सासूबाईंनाही पडू देऊ नका. तुमच्या आईला किंवा बहिणीला चार दिवस येता येतंय का बघा. तेही नाही जमलं तर तारीख पुढे ढकला. मूल झाल्यापासून तुम्ही दोघंच कुठे गेला नसाल, तर तुम्हाला जायला हवंच आहे. महिनाभर उशिरा गेलात तरी चालेल.