पाण्याचं बिल वाढलं, आता काय करायचं? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात पाण्याच्या दराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आलीत की हा सगळा अंक त्यालाच देतेय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापून लहान केलीत, रागावू नका.

ताई, आम्ही वर्तकनगरला राहतो. मेंटेनन्समधला पाण्याचा आकडा परत वाढलाय. घरात चार माणसं, आम्ही काय पाणी सांडत बसतो का? पाऊस फुकट पडतो, धरणं भरतात, मग एवढे पैसे कसले घेतात? आणि घरपट्टीच्या बिलात पण पाण्याचा कर असतो, म्हणजे दोनदा वसुली झाली ना ही?

ताई, पाऊस फुकट पडतो हे खरंय, पण तो शहापूरला पडतो आणि आपण ठाण्यात राहतो. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पंप लावून उचलतात, टेमघरला शुद्ध करतात, मग मोठ्या लाइनींमधून ठाण्यात आणून जलकुंभात चढवतात, तिथून ते तुमच्या खालच्या टाकीत पडतं आणि शेवटी तुमच्याच सोसायटीचा पंप ते गच्चीवर नेतो. 1000 लिटर पाणी म्हणजे 1 टन वजन, बिलातलं 1 युनिट ते हेच. एवढं वजन दिवसरात्र उचलायचं तर वीज लागते, आणि विजेचा दर वाढला की पाण्याचा खर्च वाढतो. त्यात तुरटी, क्लोरीन, माणसांचे पगार, फुटलेल्या लाइनींची दुरुस्ती, हे सगळं आलंच.

आणि ठाण्याचं सगळं पाणी स्वतःच्या योजनेचं नाहीये. पालिकेची भातशाची योजना आहे, पण त्याशिवाय स्टेम प्राधिकरणाकडून येतं, म्हणजे उल्हास नदीचं शहाड-टेमघर योजनेचं पाणी, एमआयडीसीकडून येतं ते मुख्यतः कळवा-मुंब्रा-दिव्याकडे, आणि थोडं मुंबई पालिकेकडून. हे विकतचं पाणी. त्यांनी दर वाढवला की आपल्या पालिकेला तो भरावाच लागतो, मग ती एकतर आपल्याकडून घेते नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी कामातून कापते. मूळ धरणातल्या पाण्याचा दर ठरवायला तर राज्यात 2005 च्या कायद्याने वेगळं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. म्हणजे तुमच्या बिलावरचा आकडा एका टेबलावर ठरत नाही.

दोनदा वसुलीचं म्हणाल तर ती दोन वेगळी खाती आहेत. मालमत्ता कराच्या बिलात जो जललाभ कर असतो तो लाइन टाकणं, जलकुंभ बांधणं अशा व्यवस्थेसाठी, तुम्ही पाणी किती वापरता त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पाणीबिल हे वापराचं. मलनिस्सारण वेगळं, कारण घरात आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत जातं असं धरूनच गटाराच्या लाइनी आखतात आणि ते पाणी साफ करायलाही पैसा लागतोच.

दर वाढायलाच नको असं मी म्हणणार नाही. मुंबईत 2012 पासून दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढ करायचं ठरवून टाकलंय, एकदम दहा वर्षांनी डोक्यावर आदळण्यापेक्षा ते मला बरं वाटतं. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, बायका हंडे घेऊन लांब लांब जातात. आपण नीट पैसे भरतो तर त्यातला वाटा तिथपर्यंत जायला हवा, हे आपण ठाणेकरांनी मोठ्याने म्हटलं पाहिजे. मी म्हणतेय, तुम्ही पण म्हणा.

तुमचा हिशोब सोपा आहे. शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी प्रमाण, चार माणसांचे 540 लिटर, महिन्याला 16,200, म्हणजे 16 युनिटच्या आसपास. तुमच्या वाट्याला याच्या बरंच वर येत असेल तर भांडण दराशी नाहीये, पाणी कुठेतरी जातंय.

नेरुळहून लिहितोय. आम्ही दोघंच, वय सत्तरच्या पुढे, तळमजल्यावर. वर सहा माणसांचं कुटुंब आहे, दोन वेळा वॉशिंग मशीन, गाडी धुणं पण पाइप लावून. पाण्याचे पैसे मात्र सगळ्यांना सारखे. जनरल बॉडीत बोललो तर सेक्रेटरी म्हणाले काका नियमच आहे. खरंच असा नियम आहे का?

काका, अर्धा आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, पाण्याचा खर्च वाटायचा तो प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार यावर, असं लिहिलंय. सारखं वाटा असं नाही लिहिलेलं, माणसांवर वाटा असंही नाही आणि स्क्वेअर फुटावर तर अजिबातच नाही. आता तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळे फ्लॅट एकसारखे असतील, नळ पण तेवढेच, तर हिशोब सारखाच येतो आणि सेक्रेटरी बरोबर ठरतात. पण कोणी फ्लॅट जोडून घेतलेत, एक बाथरूम वाढवलंय, बाल्कनीत मशीनसाठी वेगळा नळ काढलाय, तर त्यांनी जास्त द्यायला पाहिजे. नळ मोजायला सांगा. लेखी द्या, तोंडी बोलून काही होत नाही.

घरात माणसं किती यावर सवलत मात्र उपविधीत नाहीये, हे मला स्वतःला पटत नाही, दोन म्हाताऱ्या माणसांनी सहा जणांइतके पैसे देणं न्यायाचं नाहीच. खरा उपाय म्हणजे फ्लॅटला वेगळे मीटर. नव्या बिल्डिंगमध्ये ते सोपं, जुन्यात अवघड, कारण गच्चीवरून किचनला एक, संडास-बाथरूमला एक-दोन अशा वेगवेगळ्या लाइनी खाली येतात आणि मग एका घराला तीन-तीन मीटर लागतात. खर्च आणि तोडफोड दोन्ही आलं.

आमच्या सोसायटीत मी 11 वर्षं खजिनदार होते, हा वाद आमच्याकडे दोन वर्षं चालला, लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. कोण जास्त वापरतं, कोणाकडे पाहुणे येतात, कोणाची मोलकरीण नळ चालू ठेवते, सगळं निघालं. मग मी काय केलं, दर रविवारी सकाळी मेन मीटरचं रीडिंग वहीत लिहायला लागले. चौथ्या आठवड्यात कळलं की आम्ही रात्री झोपेत असतो तेव्हा पण मीटर फिरतंय. खालच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह, गेला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडलेला, त्यामुळे पाणी वाहतंय हे कोणालाच दिसलं नाही. कोणाच्या वॉशिंग मशीनचा काही दोष नव्हता. दोन वर्षं माणसांनी माणसांवर आरोप केले त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून काका, भांडण पुढे न्यायच्या आधी एवढं कराच. रात्री अकराला मीटर बघा, पहाटे पाणी यायच्या आधी परत बघा. घरातही बघा, फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. आणि थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली पेला ठेवा, पाव लिटरचा पेला पाच मिनिटांत भरला तर ते दिवसाला 72 लिटर झाले, महिन्याला 2 युनिटच्या वर.

नाव-गाव छापू नका. आमच्या सोसायटीचं मीटर बंद होतं, बरेच महिने सरासरीने बिल आलं, आम्ही भरलं. आता नवीन मीटर बसवलं आणि मागचा फरक म्हणून भलीमोठी रक्कम लावलीय. भरायची का?

आधी रीडिंगचा इतिहास मागवा. बिलावर मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि तारखा असतात, त्या सगळ्या बिलांवरून एका कागदावर उतरवा, सरासरी कुठल्या महिन्यांवरून काढली ते विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, आवक क्रमांकाशिवाय घरी येऊ नका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अजून एक गोष्ट तपासा जी बहुतेक जण बघतच नाहीत, नोंदीत तुमच्या सोसायटीचे फ्लॅट किती दाखवलेत. टप्प्याटप्प्याने दर चढत असेल तर सगळा वापर फ्लॅटच्या संख्येने भागतात. समजा 56 फ्लॅट आहेत आणि महिन्याला 1120 युनिट वापर आहे, तर घरटी 20 युनिट येतात. पण नोंदीत 48 च असतील तर तेच 23 च्या वर जातात आणि तुम्ही वरच्या टप्प्यात अडकता, पाणी एक थेंबही जास्त न वापरता. शिवाय खाली दुकानं किंवा क्लिनिक असेल तर त्याचं कनेक्शन वेगळं करून घ्या, बिगर घरगुती दर जास्त असतो.

वाद चालू असताना चालू बिल मात्र थांबवू नका, वादातली रक्कम वेगळी ठेवून बाकी भरा आणि तसं पत्रात लिहा. थकबाकीवर दंड चढत जातो आणि कनेक्शन तोडायचा अधिकार पालिकेला असतो. पुढे अभय योजना येईल तेव्हा दंड माफ होईल म्हणून थांबू नका. मला या योजना आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. जो वेळेवर भरतो त्याला काहीच मिळत नाही आणि पाच वर्षं न भरणाऱ्याचा दंड माफ, मग पुढच्या वर्षी कोण भरणार?

नवी मुंबईचं स्वतःचं धरण आहे ना? मग आम्हाला दरवाढ कशाला? माझी बहीण खारघरला, तिच्याकडे तर पाणीच येत नाही धड.

हो, खालापूरजवळचं मोरबे धरण नवी मुंबई पालिकेने 2002 मध्ये घेतलं, आणि तेव्हाचा तो निर्णय किती दूरचा होता ते आज कळतं. पण धरण आपलं असलं तरी भोकरपाड्याचं शुद्धीकरण, तिथून दिघ्यापर्यंतच्या लाइनी, सांडपाण्याची केंद्रं, हे सगळं चालवावं लागतंच. बहिणीचं खारघर पनवेल पालिकेत येतं आणि तिथे पाणी देते सिडको, ते वेगळं घर आहे, मोरब्याचा नियम तिथे लागत नाही. ऐरोली आणि कोपरखैरणेला सांडपाणी जास्त शुद्ध करून कारखान्यांना द्यायचं काम झालंय, ते अजून वाढायला हवं, कारण कारखान्याने ते पाणी घेतलं की तेवढं धरणाचं पाणी घरांना उरतं.

घोडबंदर रोडला राहतो. पालिकेचं पाणी कमी, टँकर रोज. टँकरचे पैसे भरून वर दरवाढ पण भरायची?

तुमचा राग मला पूर्ण कळतो. एक करा, टँकरच्या बिलाला त्यातल्या युनिटनी भागा, 10,000 लिटरचा टँकर म्हणजे 10 युनिट. तो आकडा आणि पालिकेचा एका युनिटचा दर शेजारी शेजारी लिहून सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा. लोकांना मग दिसेल की आपण पैसे द्यायला तयार आहोतच, फक्त ते नळाऐवजी टँकरला जातायत. हाच कागद वॉर्ड ऑफिसला द्या, वर्षभराच्या टँकरच्या पावत्या जोडून, आणि पाच-सहा सोसायट्यांनी एकत्र द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पालिकेचं अंदाजपत्रक येतं, त्यात तुमच्या भागातल्या लाइनीला आणि जलकुंभाला पैसे धरलेत का ते आधीच विचारा, नंतर विचारून वर्ष जातं.

मी घरकाम करते, आमची चाळ आहे. पाणी एकच तास येतं. आत्तापर्यंत महिन्याची ठरलेली रक्कम होती, आता मीटर बसवणार म्हणतात. माझ्या मुलीने हे लिहून दिलंय. मीटर आलं तर बिल फार येईल का? घरात पाच माणसं.

ताई, तुमच्या मुलीचं अक्षर फार सुंदर आहे, तिला सांगा. भीती कमी करायला आधी मोजूया. नळ पूर्ण सोडून 20 लिटरची बादली किती वेळात भरते ते मुलीला घड्याळ लावून बघायला सांगा. समजा दोन मिनिटं लागली, तर तासाला 600 लिटर झाले, म्हणजे नळ तासभर पूर्ण चालू ठेवला तरी महिन्याला 18 युनिट. पाच माणसांना 135 च्या प्रमाणाने रोज 675 लिटर लागतात, म्हणजे तुम्हाला प्रमाणापेक्षा कमीच मिळतंय, जास्त वापराचा प्रश्नच नाही. सुरुवातीच्या टप्प्याचा दर विचारून घ्या आणि 18 ने गुणा, येईल तो आकडा आत्ताच्या ठरलेल्या रकमेशेजारी ठेवा. कमी आला तर मीटर तुमच्या फायद्याचं, जास्त आला तर बसवायच्या आधीच सगळ्या चाळीने मिळून बोला.

एक गोष्ट मात्र धरून बोला. जिथे पाणी तासभर येऊन बंद होतं तिथे लाइनीत हवा भरते, पाणी सुटलं की आधी ती हवा मीटरमधून जोरात जाते आणि मीटर नुसत्या हवेवर फिरतं. लाइनीवर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे ही हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, आहे का ते मीटर लावायला येतील त्यांना विचारा, आणि पहिले तीन महिने पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर रीडिंग वहीत लिहून ठेवा. ते काम मुलीला द्या. वहीतल्या आकड्यांचा फोटो मला पाठवा, बिल आलं की आपण दोघी मिळून ते जुळवून बघू.