सिनेट हाउस कुठं गेलं?

प्रश्न : आमचे आजोबा चादरींच्या धंद्यानिमित्त कलकत्त्याला जायचे. त्यांच्या ट्रंकेत एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. उंच खांबांची मोठी इमारत आणि खाली इंग्रजीत ‘सिनेट हाउस’. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॉलेज स्ट्रीटवर जाऊन शोधलं, पण अशी इमारत दिसलीच नाही. पडली की काय? (सोबत पोस्टकार्डाची प्रत.)
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : पडली नाही हो, पाडली. १९६० साली. गोलदिघीच्या तळ्याकडे पाठ करून तुम्ही उभे राहिला असाल, तर समोर जी बहुमजली इमारत दिसली ते शतवार्षिकी भवन. सिनेट हाउस त्याच जागेवर होतं.

कलकत्ता विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वर्षाचं. त्याचं हे सभागृह १८७२ साली बांधून झालं. आराखडा वॉल्टर ग्रॅनव्हिल यांचा. तिथलं जीपीओ आणि हायकोर्ट त्यांचंच काम, आणि ते दोन्ही अजून उभे आहेत. पुन्हा गेलात तर जीपीओचे खांब जरूर बघा.

तुमच्या प्रतीवर मी भिंग धरून बराच वेळ बसलो. त्या रुंद पायऱ्यांवरून माझी नजर हलेना. ६ फेब्रुवारी १९३२ ला पदवीदानासाठी बीना दास नावाची विद्यार्थिनी तिथं आली, ती अंगातल्या गाउनमध्ये पिस्तूल लपवून. सुभाषबाबूंचे शिक्षक बेनीमाधव दास यांची ही मुलगी. बंगालचा गव्हर्नर स्टॅनली जॅक्सन भाषणाला उभा होता. बीनानं त्याच्यावर भर सभेत पाच गोळ्या झाडल्या. तो वाचला आणि तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली.

आपण सोलापूरकरांनी ही गोष्ट परक्या गावची समजू नये. १९३० च्या मे महिन्यात आपल्या गावात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्याला फासावर गेले. त्या जुलमाचा सूड म्हणून वासुदेव बळवंत गोगटे यांनी त्याच वर्षी २२ जुलैला फर्ग्युसनच्या वाडिया वाचनालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. बीनाचा प्रसंग त्यानंतर जेमतेम साडेसहा महिन्यांनी घडला.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. एकदा वर्गाला घेऊन वाडिया वाचनालयात गेलो होतो. एका मुलीनं विचारलं, “सर, गोगटे नेमके कुठं उभे होते?” आणि सगळी पोरं एकदम पायाखालच्या फरशीकडे बघायला लागली. वर्गात चार तास बोलूनही मला ते साधलं नसतं. कॉलेज स्ट्रीटवर आता कुणी मुलगी असं विचारूच शकत नाही.

पाडण्याचं कारण जागेचं. विद्यापीठाची शंभरी १९५७ ला झाली, तिच्या नावानं नवं भवन हवं होतं. नव्या भवनात ग्रंथालय आहे, सिनेट हाउसमध्येच १९३७ ला सुरू झालेलं आशुतोष संग्रहालयही तिथंच गेलं. हे सगळं गरजेचंच होतं, पण त्यासाठी ही वास्तू घालवायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. आत नुसती पदवीदानं होत नव्हती. १९५४ च्या जानेवारीत कविसंमेलनात जीवनानंद दास यांनी तिथं कविता वाचल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रामच्या अपघातानंतर ते गेले.

बीना जी पदवी घ्यायला त्या दिवशी पायऱ्या चढली, ती विद्यापीठानं तिला २०१२ साली दिली. तोवर ती हयात नव्हती, सभागृहही नव्हतं.

आणि एक विनंती. पोस्टकार्ड लॅमिनेट करू नका, आतला कागद कायमचा अडकतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा. मागच्या बाजूला आजोबांचं अक्षर असेल तर त्याचीही प्रत मला पाठवा.