स्टारक्राफ्ट २ सुरू करतोयस? आधी एवढंच बघ

ऐरोलीत एकटाच शिकतोयस म्हणालास, चालेल. तळ बांधून सैन्य लढवायचा हा गेम २०१० चा, पण २०१७ पासून मल्टिप्लेअर आणि पहिली मोहीम (एकट्याने खेळायची कथा) फुकट आहे, शिवाय साध्या लॅपटॉपवरही चालतो. तिन्ही जमाती खरोखर वेगळ्या खेळतात, आणि इतका नेमका तोल मला तरी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसला नाही. खोट म्हणशील तर हाताच्या वेगावर फार मदार आहे आणि नवख्याची दयामाया नाही. २०१६ नंतर नवी मोहीमही आलेली नाही.

सुरुवातीला टेरन (माणसांची जमात) घे. मग:

- कामगार बनवणं थांबवू नकोस. सुरुवात १२ ने होते. एका तळावर खनिजाला १६ आणि प्रत्येक गॅसला ३ हवेत.
- सप्लाय डेपो (सैनिक-कामगारांची मर्यादा वाढवणारी इमारत) आधीच बांध. एकातून ८ च जागा मिळतात.
- खनिज साठवू नकोस. हजार शिल्लक असताना हरलास, तर बहुधा बॅरेक्स (सैनिक तयार करणाऱ्या इमारती) कमी पडल्या.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते लढाई बघत बसण्यात. तिकडे गोळीबार चालू असतो आणि इकडे तळावर एकही सैनिक तयार होत नसतो! नजर तळावर ठेव, सैन्य थोडं वेडंवाकडं लढलं तरी चालेल.

ड्रॉप (विमानातून शत्रूच्या तळावर सैन्य उतरवणं), घोस्ट (अदृश्य होणारा सैनिक) वगैरे सध्या विसर. कीबोर्डचे शॉर्टकट मात्र पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला हरशीलच, हरलेल्या सामन्याचा रिप्ले बघ.

शनिवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला ये, नौपाड्यात आम्ही तिघं-चौघं खेळतो. माउस आण, टचपॅडवर खेळू देणार नाही.