घर आवरायला घेतलं की हातपाय गळतात

‘घर आवरायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कुठून हात घालावा तेच कळत नाही. मग चहा करून बसते आणि स्वतःलाच बोल लावते.’ इंदूरच्या राजेंद्रनगर भागातून समुपदेशनाला आलेल्या एका ताईंचं हे म्हणणं. त्यांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. तक्रार मात्र नेहमीची आहे, आणि ती सांगताना आवाज खाली जातो, हेही नेहमीचंच. इंदुरात त्यात एक भर असते. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं शहर, दाराशी रोज कचरागाडी, आणि आपल्या घरात पाहुण्याला बसवायचं तर आधी खुर्चीवरचे कपडे उचलावे लागतात! ताई म्हणाल्या, ‘शहर एक नंबर आणि मी शेवटून एक.’

ताई पन्नाशीच्या, शाळेत नोकरी. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला. घरात दोन माणसं आणि सामान सहा माणसांचं. मागच्या दिवाळीआधी त्यांनी तीन दिवस रजा काढून सगळी कपाटं एकदम रिकामी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलंगावर कमरेइतका ढीग, झोपायला जागा नाही आणि डोकं चालेना. तिसऱ्या दिवशी होतं तसं सगळं परत कोंबलं.

हे जवळपास प्रत्येकीचं होतं, आणि त्याचं कारण आळस नाही. झाडू मारताना निर्णय घ्यावा लागत नाही, पसारा काढताना प्रत्येक वस्तूपाशी घ्यावा लागतो: ठेवू की देऊ, कोणाला देऊ, कोणी विचारलं तर काय सांगू, पुढे लागली तर? एका कपाटात असे दोन-तीनशे प्रश्न सहज निघतात. तासाभरात मन थकतं, आणि थकलेलं मन ‘राहू दे’ हेच उत्तर देतं. सगळं एकदम बाहेर काढलं की मधेच थांबायची सोयही राहत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्यांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. आपल्या घराचं वर्णन ‘पसारा’, ‘अर्धवट कामं’ अशा शब्दांत करणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दिवसभरात उतरायला हवी तितकी उतरत नव्हती. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे त्यावरून ठरत नाही. पण ‘घर बघूनच थकायला होतं’ या तक्रारीला कोणी नखरे म्हणू नये, एवढं नक्की.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, तब्येत. सततचा थकवा, झोप उडणं, कशातच मन न लागणं हे असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघायचं, नैराश्याबद्दल विचारायचं. दुसरी, वस्तू साठवण्याचा विकार. 2013 पासून मानसोपचारात त्याचं स्वतंत्र निदान होतं. फाटकी पिशवी टाकतानाही जिवाची घालमेल होते, गॅसवर स्वयंपाक करता येत नाही किंवा पलंगावर आडवं होता येत नाही इतक्या वस्तू साठतात. तिथे घरच्यांनी गुपचूप सामान फेकलं तर माणूस आणखी घट्ट धरून बसतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवेत. ताईंचं तसं नव्हतं. चार वर्षं सेवेत गेली, तेवढ्या काळात घरात वस्तू येत राहिल्या आणि बाहेर काही गेलं नाही.

आम्ही त्यांना पहिल्या आठवड्यासाठी जे दिलं ते ऐकून त्या हसल्याच. वीस मिनिटांचा गजर आणि परातीएवढी जागा. आख्खा ओटा नाही, ओट्याचा गॅसपासून मिक्सरपर्यंतचा तुकडा. सोबत तीन पिशव्या आणि एक खोकं: ‘दुसऱ्या खोलीतलं’, ‘द्यायचं’, ‘कचरा’ या पिशव्या, आणि ‘ठरत नाही’चं खोकं. जे इथलंच आहे ते जागेवर.

यात अडतं ते ‘दुसऱ्या खोलीतलं’ पाशी. ओट्यावर कात्री सापडते, ती ठेवायला बाई आतल्या खोलीत जाते, तिथे ड्रॉवर उघडतो, त्यात मुलाचे जुने फोटो निघतात, वीस मिनिटं संपतात आणि ओटा तसाच. म्हणून गजर होईपर्यंत जागा सोडायची नाही. कात्री पिशवीत, पिशवी शेवटी घरभर फिरवायची. ‘ठरत नाही’चं खोकं एकच, दोन्ही हातांनी उचलता येईल एवढं. भरलं की बंद करून वर तारीख घालायची. तीन महिन्यांत त्यातलं काही शोधायला लागलं नाही तर ते द्यायचं. कागदपत्रं, दागिने आणि फोटो त्या खोक्यात कधीच नाहीत. गजर झाला की थांबायचं, उत्साह असला तरी. पहिल्या दिवशी दोन तास केलं की पुढचे आठ दिवस कोणी हात लावत नाही.

सुरुवात ओट्यापासून अशासाठी की तिथे दिवसातून दहा वेळा नजर जाते. त्यानंतर ज्यात जीव अडकलेला नाही ते: मुदत संपलेली औषधं, जाळी धरलेल्या डाळी, झाकण नसलेले डबे. भावनेच्या वस्तू आणि माळा सगळ्यात शेवटी. बहुतेकजणी नेमक्या माळ्यापासून सुरू करतात, कारण ‘मोठं काम आधी’. माळ्यावरून काय पडतं? रुखवताचं सामान, बाळंतविडा, सासऱ्यांची ट्रंक. तिथेच बसून रडू येतं आणि दिवस संपतो.

डब्यांचं काम मात्र लगेच सुख देतं. ताईंनी मिठाईचे, आइसक्रीमचे, शेवेचे सगळे प्लास्टिकचे डबे जमिनीवर मांडले आणि झाकणं लावत गेल्या. जोडी जुळली तो डबा राहिला. एकट्या झाकणांची मात्र पिशवी भरली. हे डबे का साठतात? ‘कोणाला काही द्यायला लागतं.’ खरं आहे, पण महिन्यातून किती वेळा? आठ चांगले डबे पुरतात. ताईंनी बारा ठेवले, आणि आम्ही वाद घातला नाही.

ओटा दोन दिवसांत पुन्हा भरला, तेव्हा त्या खट्टू झाल्या. आम्ही विचारलं, परत काय आलं? कणकेचा डबा, कुकर, तेलाचा कॅन. तिन्ही रोजचे. त्यांची जागा खालच्या कपाटात मागच्या बाजूला, आणि ताईंचे गुडघे दुखतात. वाकावं लागतं म्हणून त्या वस्तू वरच राहणार, यात शिस्तीचा प्रश्नच नाही. रोजची वस्तू गुडघ्यापासून डोळ्यापर्यंतच्या पट्ट्यात हवी. त्या पट्ट्यात लग्नात आलेला, वर्षातून एकदा निघणारा डिनर सेट बसला होता. दोघांच्या जागा बदलल्या. तीच गत खुर्चीवरच्या कपड्यांची. ते धुवायचे नसतात आणि घडी करून कपाटातही जात नाहीत, एकदा घातलेले असतात. दारामागे पाच खुंट्या ठोकल्यावर खुर्ची मोकळी झाली. ढीग कुठे साठतो ते नीट पाहिलं तर कोणत्या वस्तूला घर नाही ते कळतं.

बाहेर जाणाऱ्या पिशव्यांचा बंदोबस्त आधीच करायला हवा, नाहीतर त्या दारामागे महिनाभर राहतात आणि एक-एक वस्तू परत आत येते. इंदुरात हे सोपं आहे. कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक असे वेगळे भाग असतात. जुन्या गोळ्या, सेल, फुटके बल्ब घातकमध्ये, बंद मोबाईल आणि चार्जर ई-कचऱ्यात. गोळ्यांची पाकिटं फाडून द्यावीत, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. रद्दी आणि लोखंड अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला. चांगले कपडे बोहारणीला किंवा ओळखीतल्या कोणाला, पण वार ठरवून. ताईंनी शनिवार ठरवला, शनिवारी संध्याकाळी ‘द्यायचं’ची पिशवी घरात दिसता कामा नये.

कागदांसाठी तीन फायली. घराचे कागद, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं कायमची. आयकराची विवरणपत्रं पुराव्यांसह आठ वर्षं, हा आमचा सावध हिशोब. वॉरंटी कार्ड बिलासकट, मुदत संपेपर्यंत. भरलेली वीजबिलं वर्षभर पुरेत. आधारच्या झेरॉक्स आणि खाते क्रमांक असलेले कागद बारीक फाडून टाकायचे, आख्खे रद्दीत नाहीत. सासूबाईंच्या पिशवीत एक जुनं पासबुक निघालं. असं काही सापडलं तर फेकू नका. बँकेत दहा वर्षं पडून राहिलेली, कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क बुडत नाही. 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावावरून शोध घेता येतो.

खरी गाठ साड्यांची होती. सासूबाईंच्या साड्यांनी दोन कपाटं अडवलेली आणि ताई त्यांना हातही लावत नव्हत्या. आधी म्हणाल्या, आठवण आहे. थोडं बोलल्यावर निघालं, ‘ताईसाहेब काय म्हणतील?’ ताईसाहेब म्हणजे उज्जैनची नणंद. आईच्या वस्तू वहिनीने परस्पर वाटल्या, हा ठपका नको होता. दुःख आणि धाक असे एकमेकांत गुंतलेले असले की आवरण्याच्या युक्त्या चालत नाहीत, आधी बोलावं लागतं. फोनवर काय बोलायचं ते आम्ही बसून ठरवलं: ‘ताईसाहेब, आईंच्या साड्या कपाटात कसर लागून जायच्या. तुम्ही या, हव्या त्या आधी तुम्ही घ्या. पंधरा दिवसांत जमेल का?’ आधी निवडीचा मान आणि सोबत एक मुदत. नणंद पुढच्याच रविवारी आली, चार साड्या घेतल्या आणि म्हणाली, ‘वहिनी, मी वाटच बघत होते तू कधी विचारतेस.’

राहिलेल्यांतल्या दोन जरीच्या साड्या ताईंनी ठेवल्या. अशा साड्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर साडी घडीवरच चिरते. सुती नऊवारींची गोधडी शिवायला दिली. बाकीच्या नात्यात गेल्या. माळ्यावर ठेवायचं ते पुठ्ठ्याच्या खोक्यात नको, भिंतीला टेकवूनही नको. पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवीची सुरुवात पुठ्ठ्यापासून होते. झाकणाचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, आणि वर आत काय आहे त्याची चिठ्ठी.

मुलाची पुस्तकं त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवून त्यानेच अर्ध्या तासात निकालात काढली. दुसऱ्याच्या वस्तूंचा निर्णय दुसऱ्यानेच घ्यायचा, हा नियम आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो. म्हणूनच पाचव्या महिन्यात ताईंनी विचारलं, ‘आणि यांच्या तारा, स्क्रू, जुने रेडिओ?’ ते त्यांचे. ताईंनी एवढंच म्हणायचं, ‘अहो, हे सगळं तुमचंच राहील, पण या एका कपाटात. बाहेर आलेलं मी खुर्चीवर ठेवीन, फेकणार नाही.’ सध्या तारा एका डब्यात आल्या आहेत, रेडिओ कपाटात मावले. गच्चीवरच्या दोन बंद कूलरचा विषय अजून निघालेला नाही.