संदर्भातला दर्भ

प्रश्न असा आला आहे: 'कॉन्टेक्स्ट-अवेअर स्मार्ट एन्व्हायर्नमेंट'ला 'संदर्भ-जागरूक स्मार्ट पर्यावरण' म्हणावे का? आणि त्याच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्चरला काय म्हणावे?

'पर्यावरण' आधी काढा. विषय सेन्सरच्या नोंदींवरून आत काय चालले आहे ते ओळखून दिवे वगैरे आपोआप चालवणाऱ्या खोल्या-इमारतींचा आहे, तिथे 'परिसर' पुरतो. जागरूक नागरिक असतात. यंत्रणेला फार तर भान असेल. म्हणून 'संदर्भभान असलेला परिसर'. 'स्मार्ट' राहू द्या.

आता 'संदर्भ'. 'सेन्सर संदर्भ गोळा करतो' हे वाक्य वाचून वाचून वीट आला. सेन्सर नोंदी गोळा करतो: तापमान २४ अंश, हालचाल शून्य, दार बंद. संदर्भ म्हणजे सम् + दृभ्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, सांगतो 'दृभी ग्रन्थे', म्हणजे गुंफणे. गंमत पुढेच आहे. 'कॉन्टेक्स्ट'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'कॉन्टेक्सेरे'चा अर्थ एकत्र विणणे! दोन भाषांना स्वतंत्रपणे तेच सुचले. 'दर्भ'ही याच दृभ्-मधला, गवताची जुडी. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोशही तेच म्हणतो. जुने वैयाकरण त्याला दॄ, म्हणजे फाडणे, या धातूकडे नेतात. नेवोत बापडे. जुडी बांधायची वस्तू फाडण्यातून कशी निघाली, हे मला कुणी पटवून द्यावे.

'कॉन्टेक्स्ट-अवेअर' ही संज्ञा १९९४ची, शिलिट आणि थाइमर या संगणक-संशोधकांची. पुढे याच क्षेत्रातल्या डे आणि अबाउड यांनी 'परिस्थितीचे वर्णन करायला उपयोगी पडेल ती कोणतीही माहिती' म्हणजे कॉन्टेक्स्ट, अशी व्याख्या केली आणि सगळे तीच घोकत बसले. यात गुंफण कुठे आहे? २००४मध्ये डूरिश या संशोधकांनी या समजुतीला हरकत घेतली: संदर्भ आयता पडलेला नसतो, तो व्यवहारातून घडतो. माझा धातू त्यांच्या बाजूचा. मात्र डे यांच्याच कॉन्टेक्स्ट टूलकिटमध्ये, म्हणजे अशा यंत्रणा बांधायच्या सॉफ्टवेअर-संचात, सेन्सर हाताळणारे विजेट, अर्थ लावणारा घटक आणि जुळणी करणारा घटक वेगळे ठेवले होते. म्हणजे हाताला कळले ते व्याख्येला कळले नाही. ही मधली गुंफण नसेल, तर स्वस्थ बसून वाचणाऱ्या माणसावर दिवे विझतात. हालचाल नव्हती ही नोंद खरी, खोली रिकामी हा निष्कर्ष खोटा.

आर्किटेक्चरला 'रचना' म्हणा. 'वास्तुरचना' नको. इथे खरीच इमारत समोर असते, नेमके कशाबद्दल बोलताय ते कळणार नाही.