सांबार मागितला, चुकलं काय?

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्या लेकीकडे मेलबर्नला गेल्या होत्या. घराजवळ, फुटस्क्रे भागात, एका व्हिएतनामी हॉटेलात रात्री पटकन खाऊन घेऊ म्हणून सगळे गेले. कोंबडीच्या पातळ रस्स्यात तांदळाच्या शेवया, असा मोठा वाडगा समोर आला. ताई लेकीला म्हणाल्या, "सांबार जास्त टाकाले सांग त्याले." जावई कोल्हापूरचे. "आई, इथं इडली नाही मिळत," म्हणत हसले. तर कोथिंबिरीला सांबार म्हणणं चूक आहे का? आणि त्या पदार्थाला 'फो' म्हणायचं की 'फ'?

दुसरं आधी उरकतो. ओठ गोल न करता 'फ' लांबवायचा आणि आपण "अं?" असं विचारतो तसा सूर शेवटी वर न्यायचा. 'फो' हे रोमन लिपीतलं स्पेलिंग वाचून झालंय. पण मराठीत लिहिताना 'फो'च लिहा; नुसतं 'फ' लिहिलं तर वाचणारा पुढचं अक्षर शोधत बसेल.

आता सांबार. ताई, अजिबात चूक नाही. आमच्या विदर्भातल्या बाजारात "सांबार कसा दिला?" असंच विचारतात, आणि 'कोथिंबीर' म्हणणारा पाहुणा लगेच ओळखू येतो. कोणी सांभार म्हणतं, कोणी सांबार. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेली सामग्री. गुजराती घरांत लोणच्याच्या मसाल्याला आजही संभार म्हणतात. मला वाटतं, मसाल्याच्या सगळ्या सामानाचं नाव आपल्याकडे त्यातल्या एकाच जिनसाला चिकटलं, आणि दक्षिणेत ते मसाला घातलेल्या वरणाला. कोथिंबीर हा शब्दही संस्कृतातल्या 'कुस्तुंबरी'कडून आलेला. कानडीत तो 'कोत्तंबरी' आहे. म्हणजे खानदान दोघांचंही जुनंच, त्यात शहरी-गावंढळ काही नाही. आपला घोटाळाही होत नाही: सांबारवडीत सांबार पोटात असतो, वडा-सांबारात वडाच सांबारात बुडालेला असतो. हे नागपूरच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही.

गंमत म्हणजे ज्यांच्या हॉटेलात तुम्ही बसला होतात, त्यांच्यातही हाच भेद आहे. कोथिंबिरीला उत्तर व्हिएतनाममध्ये 'मुई' म्हणतात, दक्षिणेत 'ङो'. ('मुई'चा आणखी एक अर्थ 'वास'. कोथिंबिरीला याहून नेमकं नाव काय असेल!) फो हा मूळचा उत्तरेचा, हनोईकडचा. तिकडे तो साधा: रस्सा, शेवया, मांस, वरून थोडी पात आणि कोथिंबीर. 1954 साली देशाचे दोन भाग झाले, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले आणि येताना फो घेऊन आले. दक्षिणेच्या लोकांनी त्याच्या बाजूला पाल्याची थाळी मांडली: मोड आलेले मूग, तुळशीसारखी पानं, लिंबू, मिरची. तुमच्यासमोर ती आली असेल, तर तो दक्षिणेचा थाट समजा.

त्या थाळीत लांबट, करवतीसारख्या काठाचं एखादं पान होतं का? वास थेट सांबाराचा, पण जास्त उग्र. दक्षिणेत त्याला 'ङो गाय' म्हणतात, गाय म्हणजे काटा. (आपल्या गाईचा संबंध नाही.) म्हणजे काटेसांबारच म्हणा ना.

पुढच्या वेळी लेकीला सांगू नका, स्वतःच 'ङो' मागा. वाङ्मय लिहिण्यापलीकडे ज्याला काम नाही, तोच हा ङ. फक्त सूर खाली सोडा. वर चढला तर त्याचाच अर्थ 'बघणे' होतो, आणि वाढणारा पोरगा वाडगा हातात धरून नुसता तुमच्याकडे बघत राहील.